धूळसंकलन वाहिनी व्यवस्था (लाकूडकाम)

धूळसंकलन वाहिनी व्यवस्था ही लाकूडकामाच्या कार्यशाळेतील यंत्रांपासून निघणारा भुसा, ढलप्या आणि सूक्ष्म धूळ हवेच्या प्रवाहाबरोबर ओढून घेऊन एका ठिकाणी साठवणारी नळ्यांची मांडणी होय. शोषणमुखे, शाखावाहिन्या, मुख्य वाहिनी, पंखा, विलगक आणि गाळणी हे तिचे प्रमुख घटक आहेत. कारागीर आणि विक्रेते तिला सामान्यतः 'डस्ट कलेक्शन' किंवा नुसते 'डक्टिंग' म्हणतात.

अशा व्यवस्थेच्या नियोजनाचा मध्यवर्ती प्रश्न हवेच्या वेगाचा असतो. शोषणमुखापासून विलगकापर्यंत प्रत्येक ठिकाणी हवेचा वेग भुसा वाहून नेण्याइतका राहिला पाहिजे. तो घटला की धूळ नळीत बसते आणि फार वाढला की घर्षणामुळे पंख्याची शक्ती वाया जाते. नळीचा व्यास, वळणांची संख्या, झडपांची जागा आणि पंख्याची निवड हे सर्व निर्णय याच एका गरजेतून ठरतात.

आवश्यकता

लाकडाची धूळ दिसायला निरुपद्रवी असली तरी आरोग्यास घातक आहे. इंग्लंडमधील बकिंगहॅमशायर आणि ऑक्सफर्डशायर या परगण्यांतील फर्निचर कामगारांमध्ये नाकाच्या पोकळीचा एक दुर्मीळ कर्करोग असाधारण प्रमाणात आढळत असल्याचे इस्मे हॅडफिल्ड, रॉनल्ड मॅकबेथ, डोनाल्ड अ‍ॅचेसन आदी वैद्यकांनी १९६० च्या दशकात दाखवून दिले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला.

धुळीच्या कणांचा आकार जसा बदलतो तसा परिणामही बदलतो. मोठे कण नाकात अडकतात आणि तेथील अंतःत्वचेवर परिणाम करतात. सुमारे ५ मायक्रॉनपेक्षा लहान कण फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचू शकतात. हे कण डोळ्यांना सुटे दिसत नाहीत आणि तासन्तास हवेत तरंगत राहतात. जमिनीवरचा भुसा झाडून काढल्याने कार्यशाळा स्वच्छ दिसते, परंतु श्वसनाला अपाय करणारी धूळ त्या ढिगात नसून हवेत असते. झाडण्याच्या क्रियेने तिचे प्रमाण उलट वाढते.

काही लाकडांचे स्वतंत्र दोषही आहेत. सागवान आणि शिसमाच्या जातीतील लाकडांच्या धुळीने संवेदनशील व्यक्तींच्या त्वचेवर दाह होतो. उत्तर अमेरिकेतील पश्चिमी लाल देवदाराच्या धुळीतील प्लिकॅटिक आम्लामुळे दमा होतो. एमडीएफ हे लाकडाच्या तंतूंपासून आणि फॉर्मॅल्डिहाइडयुक्त राळेपासून बनत असल्याने ते कापताना अतिशय बारीक धूळ निघते आणि तिच्यासोबत राळेचे कणही असतात.

इतिहास

वाफेच्या शक्तीवर चालणाऱ्या करवती आणि रंधायंत्रे एकोणिसाव्या शतकात वापरात आल्यावर भुशाचे प्रमाण हाताने उचलण्यापलीकडे गेले. अमेरिकेत बेंजामिन स्टर्टेव्हंट यांनी १८६० च्या दशकात पादत्राणांच्या कारखान्यातील यंत्रांची धूळ ओढून नेणारा पंखा तयार केला. पुढे अशा पंख्यांचा वापर रंधायंत्रांच्या गिरण्यांतही होऊ लागला. ओढून आणलेला भुसा अनेक गिरण्यांत बाष्पित्राला इंधन म्हणून पुरवला जात असे. त्यामुळे आरंभीच्या काळात वाहिन्यांचा मुख्य हेतू कामगारांच्या श्वसनाचे रक्षण हा नसून भुशाची वाहतूक हा होता.

हवेला शंकूच्या आकाराच्या भांड्यात गोल फिरवून तिच्यातील जड कण वेगळे करणाऱ्या चक्रवाती विलगकाची, म्हणजेच सायक्लोनची, पेटंटे अमेरिकेत १८८० च्या दशकात घेतली गेली. विसाव्या शतकात औद्योगिक आरोग्याच्या अभ्यासातून वाहिन्यांच्या गणनेची पद्धत विकसित झाली. अमेरिकेतील शासकीय औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या परिषदेने १९५१ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेली औद्योगिक वायुवीजनाची मार्गदर्शिका या क्षेत्रात आजही आधारभूत मानली जाते.

घटक

शोषणमुख : यंत्राच्या पात्याजवळ धूळ पकडणारे तोंड. संपूर्ण व्यवस्थेचे यश प्रामुख्याने याच्यावर अवलंबून असते.

शाखावाहिनी : एका यंत्रापासून मुख्य वाहिनीपर्यंत जाणारी नळी. यंत्र हलवता यावे म्हणून तिच्या टोकाला थोडी लवचिक नळी जोडतात.

सरकझडप : शाखा उघडणारी व बंद करणारी सपाट पट्टी. बाजारात ती ब्लास्ट गेट या नावाने मिळते.

मुख्य वाहिनी : सर्व शाखांची हवा एकत्र नेणारी मोठी नळी.

विलगक : जड भुसा पिंपात पाडणारा भाग. बहुधा सायक्लोन वापरतात.

पंखा : संपूर्ण व्यवस्थेत दाबाचा फरक निर्माण करणारा केंद्रोत्सारी ब्लोअर.

गाळणी : कापडी पिशवी किंवा घड्यांची नळकांडी गाळणी. उरलेली सूक्ष्म धूळ ती अडवते.

कार्यतत्त्व

वाहक वेग

आडव्या नळीत लाकडाचा भुसा तरंगता ठेवण्यासाठी हवेचा वेग साधारणतः १८ ते २३ मीटर प्रति सेकंद असावा लागतो. गणनेसाठी बहुधा २० मीटर प्रति सेकंद हा आकडा धरतात. नळीतून वाहणारी हवा ही काटछेदाचे क्षेत्रफळ आणि वेग यांच्या गुणाकाराइतकी असते. त्यानुसार २० मीटर प्रति सेकंद वेगासाठी लागणारा प्रवाह पुढीलप्रमाणे येतो :

१०० मिमी व्यास – ताशी ५६५ घनमीटर
१२५ मिमी व्यास – ताशी ८८४ घनमीटर
१५० मिमी व्यास – ताशी १,२७२ घनमीटर
२०० मिमी व्यास – ताशी २,२६२ घनमीटर

या आकड्यांतून नियोजनातील दोन परस्परविरोधी धोके स्पष्ट होतात. ताशी ५६५ घनमीटर हवा ओढणाऱ्या लहान पंख्याला 'मोठी नळी बरी' म्हणून २०० मिमी व्यासाची नळी जोडली, तर वेग ५ मीटर प्रति सेकंदांवर येतो आणि भुसा नळीच्या तळाशी साचू लागतो. याउलट ताशी १,२७२ घनमीटर हवा १०० मिमी नळीतून न्यायची झाल्यास वेग ४५ मीटर प्रति सेकंद लागतो. तेवढ्या वेगाला दर मीटरमागे होणारी दाबाची हानी १५० मिमी नळीच्या सुमारे साडेसात पट असते. कार्यशाळेत वापरले जाणारे सामान्य पंखे एवढा दाब देऊ शकत नाहीत आणि प्रत्यक्षात प्रवाहच घटतो.

दाबाची हानी

हवा नळीतून जाताना भिंतीशी होणारे घर्षण, वळणे, जोड, शोषणमुख, विलगक आणि गाळणी या प्रत्येक ठिकाणी दाब कमी होतो. ही हानी वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २० मीटर प्रति सेकंद वेगाने वाहणाऱ्या हवेचा गतिज दाब सुमारे २४० पास्काल असतो आणि बहुतेक हानी याच दाबाच्या पटीत मोजतात. १५० मिमी व्यासाच्या गुळगुळीत नळीत या वेगाला दर मीटरमागे साधारण २९ पास्काल खर्च होतात. मोठ्या त्रिज्येच्या काटकोनी वळणाची हानी सुमारे अडीच मीटर सरळ नळीइतकी असते. आतून कंगोरे असलेली लवचिक नळी सरळ नळीच्या अडीच ते तीनपट अडथळा करते. म्हणून ती शक्य तितकी आखूड ठेवतात.

शोषणाची मर्यादा

फुंकलेली हवा दूरवर जाते, परंतु ओढली जाणारी हवा सर्व दिशांनी येत असल्याने तिचा प्रभाव तोंडापासून थोड्याच अंतरावर संपतो. डॅलाव्हॅले यांच्या सूत्रानुसार उघड्या नळीच्या तोंडापासून एक व्यास अंतरावर हवेचा वेग तोंडाशी असलेल्या वेगाच्या सुमारे ७ टक्केच उरतो. पात्यापासून वीतभर दूर ठेवलेली नळी त्यामुळे जवळजवळ निरुपयोगी ठरते. पंखा मोठा करण्यापेक्षा पाते व कापण्याची जागा जमेल तितकी बंदिस्त करून शोषणमुख तिच्या लगत आणणे अधिक परिणामकारक ठरते. टेबलावरील गोल करवतीची धूळ टेबलाच्या खाली आणि पात्याच्या वर अशा दोन्ही बाजूंना उडते. त्यामुळे तिला खालच्या पेटीत एक आणि वरच्या पाते-आवरणावर एक अशी दोन शोषणमुखे लागतात.

नियोजनाचे टप्पे

यंत्रांची मांडणी : प्रथम कार्यशाळेचा मोजमापासह आराखडा काढून यंत्रांच्या जागा निश्चित करतात. सर्वाधिक भुसा देणारी यंत्रे, उदाहरणार्थ रंधायंत्र आणि थिकनेस मशीन, पंख्याच्या जवळ ठेवल्यास लांब आणि मोठ्या नळीची गरज कमी होते.

प्रवाहाची निश्चिती : प्रत्येक यंत्राला लागणारी हवा ठरवतात. टेबलावरील गोल करवतीचा मोठा भुसा उचलण्यास ताशी सुमारे ६०० घनमीटर हवा पुरते. सूक्ष्म धूळही पकडायची असल्यास साधारण त्याच्या दुप्पट हवा लागते.

मार्ग : मुख्य वाहिनी शक्यतो सरळ आणि कमीत कमी वळणांची ठेवतात. शाखा मुख्य वाहिनीला ३० ते ४५ अंशांच्या 'वाय' जोडाने, प्रवाहाच्या दिशेने, बाजूने किंवा वरून मिळवतात. शाखा खालून जोडल्यास मुख्य वाहिनीतील भुसा बंद शाखेत पडून साठतो. समोरासमोर दोन शाखा जोडल्यास प्रवाह एकमेकांवर आदळतात.

व्यास : प्रत्येक भागातून जाणाऱ्या हवेवरून व्यास काढतात. गणनेत आलेला व्यास बाजारात मिळत नसेल तर शक्यतो जवळचा लहान व्यास निवडतात, म्हणजे वेग वाहक मर्यादेखाली जात नाही.

दाबाची बेरीज : सर्वाधिक हानी होणाऱ्या एका मार्गाची बेरीज करतात. हा मार्ग बहुधा सर्वांत दूरच्या यंत्राचा असतो. सर्व मार्गांची बेरीज एकत्र करण्याची चूक नवख्यांकडून वारंवार होते.

पंख्याची निवड : हवा आणि दाब हे दोन्ही आकडे हाती आल्यावरच पंखा निवडतात. माहितीपत्रकातील सर्वाधिक प्रवाहाचा आकडा बहुधा नळी आणि गाळणी नसतानाचा असतो. निवडीसाठी पंख्याचा प्रवाह-दाब आलेख पाहणे आवश्यक असते.

गणनेचे उदाहरण

एका छोट्या कार्यशाळेत एका वेळी एकच यंत्र चालते आणि सर्वांत दूरच्या यंत्रासाठी ताशी १,२७२ घनमीटर हवा लागते असे मानू. संपूर्ण मार्ग १५० मिमी व्यासाचा धरल्यास हानी पुढीलप्रमाणे येते :

१२ मीटर सरळ नळी – ३४८ पास्काल
दोन काटकोनी वळणे – १४४ पास्काल
१ मीटर लवचिक नळी – ७५ पास्काल
एक 'वाय' जोड – ४३ पास्काल
शोषणमुख आणि हवेला मिळणारी गती – ३६० पास्काल
सायक्लोन (गृहीत) – ७५० पास्काल
वापरातील गाळणी (गृहीत) – ५०० पास्काल

एकूण हानी २,२२० पास्काल, म्हणजे पाण्याच्या सुमारे २२६ मिमी स्तंभाइतकी होते. पंख्याची कार्यक्षमता ५५ टक्के धरल्यास लागणारी शक्ती सुमारे १.४ किलोवॅट येते. पुरेशी राखीव शक्ती ठेवून २.२ किलोवॅटची, म्हणजे ३ अश्वशक्तीची मोटर निवडणे योग्य ठरते. एकूण हानीपैकी निम्म्याहून अधिक भाग विलगक आणि गाळणी यांचाच आहे, हे या उदाहरणात लक्षात घेण्यासारखे आहे.

सरकझडपा आणि एकाच वेळी चालणारी यंत्रे

एकट्या कारागिराच्या कार्यशाळेत एका वेळी एकच यंत्र सुरू असते. तेथे त्या यंत्राची झडप उघडी आणि इतर बंद ठेवतात, त्यामुळे लहान पंखा पुरतो. मोठ्या कारखान्यात अनेक यंत्रे एकाच वेळी चालत असल्याने सर्व शाखा उघड्या धरून त्यांच्यातील दाब संतुलित करतात.

या दोन्हींमधील स्थिती अधिक अवघड असते. तीन यंत्रांच्या एकत्रित प्रवाहासाठी आखलेल्या मुख्य वाहिनीत एकच झडप उघडी राहिल्यास शाखेतील वेग पुरेसा असला तरी मुख्य वाहिनीतील वेग घटतो. भुसा शाखेतून सहज वाहत येतो आणि रुंद नळीत येताच खाली बसतो. यंत्राजवळचे शोषण चांगले जाणवत असल्याने हा दोष अनेक दिवस लक्षात येत नाही. अशा व्यवस्थेत किमान किती झडपा उघड्या असाव्यात हे आधीच ठरवून झडपांजवळ लिहून ठेवणे हा साधा उपाय आहे.

साहित्य आणि जोडणी

वाहिन्यांसाठी जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, अर्थात जी.आय. पत्रा, सर्वाधिक योग्य मानला जातो. तो आतून गुळगुळीत, ज्वलनरोधक आणि विद्युत्वाहक असल्याने त्याचे भूसंपर्कन करता येते. नळ्या जोडताना आत जाणारे टोक प्रवाहाच्या दिशेने ठेवतात, म्हणजे जोडाच्या कडेवर भुसा अडकत नाही. जोड चिकटपट्टीने किंवा सीलंटने हवाबंद करतात. वळणाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या दीड ते दोन पट ठेवतात.

भारतातील लहान कार्यशाळांत सांडपाण्याच्या पीव्हीसी नळ्यांचा वापरही होतो. त्या ११० आणि १६० मिमी बाह्य व्यासात सहज मिळतात व स्वस्त असतात. पीव्हीसी विद्युत्रोधक असल्याने घर्षणाने निर्माण झालेला स्थितिक विद्युतभार नळीवर साठून राहतो. बाहेरून तार गुंडाळल्याने तो केवळ अंशतः कमी होतो. शिवाय पाण्याच्या नळीसाठी बनवलेले आखूड त्रिज्येचे काटकोनी एल्बो आणि 'टी' जोड हवेला मोठा अडथळा करतात. त्यांच्याऐवजी ४५ अंशांचे दोन एल्बो आणि 'वाय' जोड वापरणे हितकारक ठरते.

गाळणी आणि हवेचे पुनर्वहन

जाड विणीच्या कापडी पिशवीतून सूक्ष्म धूळ पार होते. गाळलेली हवा पुन्हा कार्यशाळेतच सोडली जात असेल, तर अशी व्यवस्था ढलप्या पिशवीत ठेवते आणि घातक धूळ खोलीभर पसरवते. हवा बाहेर सोडणे हा सर्वांत सोपा उपाय असला तरी तेवढीच हवा आत येण्यासाठी खिडकी किंवा झरोका लागतो. थंड प्रदेशात बाहेर जाणाऱ्या हवेबरोबर उष्णता वाया जाते, म्हणून तेथे उत्तम प्रतीच्या गाळणीतून हवा परत आत घेतात. महाराष्ट्रासारख्या उष्ण प्रदेशात ही अडचण नसते. मात्र पावसाळ्यातील दमट हवेत भुसा ओलावा धरतो, गाळणीवर थर घट्ट बसतो आणि प्रवाह लवकर घटतो.

आग आणि स्फोट

लाकडाची कोरडी धूळ हवेत पुरेशा प्रमाणात मिसळल्यास तिचा स्फोट होऊ शकतो. त्यासाठी दर घनमीटर हवेत साधारण ४० ते ६० ग्रॅम धूळ लागते. हे प्रमाण श्वसनासाठीच्या मर्यादेच्या हजारो पट असल्याने ते खोलीतील सामान्य हवेत आढळत नाही. गाळणीच्या पेटीत, भुशाच्या कोठीत किंवा तुळयांवर साचलेला थर अचानक उधळल्यास मात्र ते गाठले जाते. भुशाची घनता दर घनमीटरला २०० किलोग्रॅम धरल्यास ३ मीटर उंचीच्या खोलीत सर्वत्र साचलेला केवळ १ मिमी जाडीचा थर उधळून घनमीटरमागे सुमारे ६७ ग्रॅम धूळ होते.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात बर्न्स लेक येथे जानेवारी २०१२ मध्ये आणि प्रिन्स जॉर्ज येथे एप्रिल २०१२ मध्ये लाकूड गिरण्यांत झालेल्या धुळीच्या स्फोटांत प्रत्येकी दोन कामगार मृत्युमुखी पडले. इंग्लंडमधील बॉस्ली येथील लाकडाचे पीठ बनवणाऱ्या गिरणीत जुलै २०१५ मध्ये झालेल्या स्फोटात चार जणांचा बळी गेला.

या धोक्यामुळे मोठ्या व्यवस्थांत गाळणी इमारतीबाहेर ठेवतात आणि तिला स्फोटाचा दाब बाहेर सोडणारे कमकुवत पडदे बसवतात. वाहिनीत ठिणगी ओळखून पाणी फवारणारी यंत्रणा आणि ज्वाला मागे येऊ न देणारी झडपही असते. धातू घासण्याच्या यंत्राची नळी लाकडाच्या धुळीच्या वाहिनीला कधीही जोडू नये, कारण तिच्यातील ठिणगी भुशात दीर्घकाळ धुमसत राहू शकते. जुन्या लाकडातील खिळे आधी काढून टाकण्याचे हेही एक कारण आहे.

चाचणी आणि देखभाल

व्यवस्था उभारल्यावर पिटो नळी आणि दाबमापकाच्या साहाय्याने प्रत्येक शाखेतील वेग मोजतात. शोषणमुखाजवळ धूर सोडून तो पूर्णपणे ओढला जातो की नाही हेही पाहतात. गाळणीच्या दोन्ही बाजूंमधील दाबाचा फरक दाखवणारा मापक कायमचा बसवल्यास ती केव्हा साफ करावी हे कळते. भुशाचे पिंप भरून वाहू लागल्यास सायक्लोनमधील भुसा थेट गाळणीकडे जातो, म्हणून ते वेळेवर रिकामे करणे आवश्यक असते. पिंप आणि गाळणी साफ करताना सर्वाधिक धूळ अंगावर येत असल्याने त्या वेळी योग्य प्रतीचा श्वसनमुखवटा वापरतात.

कायदेशीर तरतुदी

युरोपीय महासंघात कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा जानेवारी २०२३ पासून दर घनमीटर हवेत २ मिलिग्रॅम आहे. त्याआधी ती ३ मिलिग्रॅम आणि मूळची ५ मिलिग्रॅम होती. अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्था १ मिलिग्रॅमची शिफारस करते.

भारतात कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम १४ मध्ये कामगारांच्या श्वासात जाणारी धूळ रोखण्याची तरतूद करण्यात आली. शोषणयंत्रणा धूळ निर्माण होण्याच्या जागेच्या शक्य तितकी जवळ असावी आणि ती जागा शक्य तेवढी बंदिस्त करावी, असे हे कलम सांगत असे. कलम ३७ स्फोटक धुळीविषयी होते. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहितेत या अधिनियमाचा समावेश करण्यात आला. मूळ अधिनियम वीज वापरणाऱ्या आणि किमान दहा कामगार असणाऱ्या कारखान्यांना लागू होता. त्यामुळे दोन-चार जणांच्या सुतारकामाच्या कार्यशाळा त्याच्या कक्षेबाहेर राहिल्या आणि तेथील धूळसंकलन मालकाच्या जाणिवेवर अवलंबून राहिले.

मर्यादा

उत्तम आखलेली वाहिनी व्यवस्थाही सर्व धूळ पकडू शकत नाही. हाताने घासकाम करताना, लेथवर काम करताना आणि हातातील यंत्रे वापरताना धूळ मोकळ्या हवेत सुटते. अशा कामांसाठी यंत्राला थेट जोडलेला निर्वात शोषक, खालून हवा ओढणारे टेबल, खोलीतील हवा गाळणारे यंत्र आणि मुखवटा यांची जोड द्यावी लागते. धूळ उगमापाशी पकडणे हा मुख्य उपाय असून हे सर्व त्याला पूरक आहेत.

हेही पहा

सुतारकाम
एमडीएफ
औद्योगिक वायुवीजन
धुळीचा स्फोट
व्यवसायजन्य रोग